दोन चिठ्ठ्या एका टेबलावर

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)



आजच्या यादीत माझ्या नावापुढे ‘एचआयव्हीची औषधं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन’ असं लिहिलंय. ते वाचून तुम्हाला दोन प्रश्न पडले असतील. एक, सॉफ्टवेअरवाला माणूस यावर काय बोलणार? दोन, हा आपल्या चळवळीचा विषय कसा?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. मी डॉक्टर नाही. कुणी कोणती गोळी घ्यावी, कुणी घेऊ नये, हे मी आज सांगणार नाही आणि तुम्हीही बाहेर जाऊन कुणाला सांगू नका. पण माझ्या रोजच्या कामात एक प्रकार नेहमी समोर येतो. दोन प्रोग्रॅम असतात. दोन्ही वेगवेगळे चालवले तर बरोबर चालतात. एकत्र आणले की बिघाड होतो, आणि बिघाड कुणाचा हे सापडत नाही, कारण प्रत्येक जण म्हणतो, माझं तर बरोबर आहे. औषधांच्या बाबतीत असंच होतं. एका डॉक्टरची चिठ्ठी बरोबर असते, दुसऱ्या डॉक्टरचीही बरोबर असते. माणूस मात्र आजारी पडतो. इंग्रजीत याला ड्रग इंटरॅक्शन म्हणतात. आपण म्हणू, दोन औषधांचं एकमेकांशी न पटणं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत ऐकलंत तर आपोआप मिळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. या औषधोपचाराला एआरटी म्हणतात आणि तो जिथं मिळतो ते एआरटी सेंटर. आज देशात एचआयव्हीसह जगणारे पंचवीस लाखांहून जास्त लोक आहेत, असा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा म्हणजे नॅकोचा अंदाज आहे. राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा महाराष्ट्राचा, जवळपास चार लाख. या चार लाखांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, आदिवासी आहेत. ‘आपल्यात नसतं’ असं ज्याला म्हणायचंय त्याने हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

चांगली बातमी अशी की हा आजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. रोज गोळी घेणारा माणूस कामधंदा करतो, संसार करतो, म्हातारा होतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही, हे आता सिद्ध झालेलं आहे.

पण माणूस म्हातारा होतो म्हणजे काय होतं? गुडघे दुखतात. टाच दुखते. खांदा आखडतो. कंबर धरते. दमा असतो. मधुमेह येतो. म्हणजे तो माणूस एआरटी सेंटरच्या बाहेरच्या दवाखान्यांतही जाऊ लागतो. आपला विषय तिथं सुरू होतो.

दोन औषधं समजून घेऊ.

पहिलं रिटोनावीर. हे १९९६ साली एचआयव्हीवरचं औषध म्हणून बाजारात आलं. तेव्हा ते मोठ्या मात्रेत दिलं जायचं आणि लोकांना त्याचा फार त्रास व्हायचा. पुढे लक्षात आलं की अगदी थोड्या मात्रेत दिलं तर ते वेगळंच काम करतं. आपल्या यकृतात आणि आतड्यांत एक एन्झाइम असतं, सिप थ्री ए फोर नावाचं. असंख्य औषधं शरीराबाहेर काढण्याचं काम ते करतं. रिटोनावीर हे एन्झाइम अडवून ठेवतं. त्यामुळे जोडीला दिलेलं मुख्य औषध, उदाहरणार्थ अटाझानावीर, लोपिनावीर किंवा दारुनावीर, रक्तात जास्त वेळ टिकतं आणि विषाणूवर नीट काम करतं. म्हणून रिटोनावीरला बूस्टर म्हणतात. कोबिसिस्टॅट नावाचं आणखी एक बूस्टर आहे, तेही हेच करतं.

आपल्या भागातलं उदाहरण देतो. एक्सप्रेसवेवरचा खालापूरचा टोलनाका तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. समजा, पुण्याकडे जाणारी एक गाडी थोडा वेळ इथंच थांबावी असं कुणाला वाटलं आणि त्याने नाक्यावरच्या बहुतेक लेन बंद करून टाकल्या. ती गाडी थांबेल, पण तिच्या मागची प्रत्येक गाडी पण थांबेल. रिटोनावीर म्हणजे लेन बंद करणारा माणूस. अटाझानावीरला थांबवण्यासाठी त्याने लेन बंद केल्या. मागून दुसरं कोणतं औषध आलं, तर त्याला हे माहीत नसतं. ते येऊन रांगेत उभं राहतं आणि रक्तात साठत जातं.

दुसरं औषध स्टेरॉइड. इथं जिममधल्या स्टेरॉइडबद्दल मी बोलत नाही. सूज आणि दुखणं कमी करणारं जे स्टेरॉइड असतं त्याबद्दल बोलतोय. गुडघ्यात, खांद्यात, टाचेत, कमरेच्या मणक्यापाशी जे इंजेक्शन देतात, त्यात बऱ्याचदा ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड असतं. आपल्याकडे केनाकोर्ट या नावाने ते खूप चालतं. कान टोचल्यावर वाढणारी गाठ, केलॉइड, डोक्यावर पडणारी चाई, यांवरही हेच टोचतात. हे औषध मुद्दामच असं बनवलेलं असतं की एका जागी साठून राहील आणि हळूहळू काही आठवडे सुटत राहील. हळूहळू सुटलेलं ट्रायमसिनोलोन शरीराबाहेर जातं ते याच सिप थ्री ए फोरच्या नाक्यावरून.

आणि तिथल्या लेन बंद आहेत.

मग जे औषध दोन-तीन आठवड्यांत संपायचं ते महिनोन् महिने अंगात राहतं, तेही जास्त प्रमाणात. यासाठी दहा इंजेक्शनं लागत नाहीत. एकाच इंजेक्शननंतर असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

फक्त इंजेक्शनच नाही. १९९९ साली याची एक नोंद छापून आली होती, ती नाकात मारायच्या फ्लुटिकासोनच्या फवाऱ्याची होती. पुढे अठरा निरोगी माणसांवर चाचणी झाली. नाकातल्या फवाऱ्याचं फ्लुटिकासोन एरवी रक्तात जवळजवळ सापडत नाही. सोबत रिटोनावीर दिल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे ३५० पट झालं, आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसोल, ८६ टक्क्यांनी खाली आलं. नाकातला फवारा, एवढीशी गोष्ट.

आता या रोगाचा प्रवास कसा होतो ते एका काल्पनिक माणसावरून सांगतो. कुणालाही डोळ्यांसमोर आणू नका, हा माणूस मी उदाहरणासाठी बनवलाय.

वय पंचेचाळीस. रसायनीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. घर खोपोलीत. पूर्वीच्या गोळ्या निकामी ठरल्या म्हणून त्याला अटाझानावीर आणि रिटोनावीर सुरू केलंय. औषधं तो अलिबागहून घेऊ शकतो, पण तिथं ओळखीचं कुणी भेटेल म्हणून लोकलने मुंबईला जातो. घरी सांगतो, साहेबांचं काम आहे. गोळ्यांचं लेबल खरवडून डबी कपाटात मागे ठेवतो. गुडघा दुखायला लागतो. जवळच्या दवाखान्यात जातो. डॉक्टर विचारतात, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का? बाकावर बसलेले चार जण ऐकत असतात. तो म्हणतो, नाही साहेब, काही नाही. डॉक्टर इंजेक्शन देतात.

डॉक्टरांचं चुकलं का? त्यांनी विचारलं होतं. एआरटी सेंटरचं चुकलं का? त्यांनी योग्य औषध दिलं होतं. आणि तो माणूस? तो घाबरलेला होता.

पहिले आठ-दहा दिवस गुडघा एकदम बरा. मग चेहरा भरायला लागतो. गल्लीत लोक म्हणतात, माशाअल्लाह, तब्येत सुधारली! पोट वाढतं, मानेमागे गादीसारखा उंचवटा येतो, पण हातपाय बारीक होत जातात. पोटावर जांभळट रेघा दिसतात. थोडं लागलं तरी काळंनिळं होतं. साखर तपासली तर वाढलेली, रक्तदाब वाढलेला. मग त्याला मधुमेहाच्या गोळ्या सुरू होतात. मांड्यांतली ताकद जाते. स्टेशनचा पूल चढताना कठड्याला धरून थांबावं लागतं. झोप लागत नाही, चिडचिड होते. घरचे म्हणतात, हा असा का वागतोय?

या सगळ्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. मुंबईच्या डॉक्टरांनाही ते चटकन ओळखता येईल असं नाही, कारण एचआयव्हीच्या जुन्या औषधांनी, खासकरून स्टॅव्हुडिनने, शरीरातली चरबी इकडची तिकडे व्हायची. तेव्हा वाटतं, गोळ्यांमुळेच असेल. एक फरक लक्षात ठेवा. त्या जुन्या औषधांनी गाल आत जायचे. इथं चेहरा चंद्रासारखा गोल होतो. आणि खरा दुवा, गुडघ्यातलं ते इंजेक्शन, कुणाच्याच फाइलमध्ये नसतं.

याहून मोठा धोका पुढे आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ॲड्रिनल ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल बनवतात. बाहेरून इतकं स्टेरॉइड मिळतंय म्हटल्यावर त्या काम थांबवतात. पुढे कधीतरी साठलेलं इंजेक्शन संपतं, पण झोपलेल्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. मग थकवा, मळमळ, चक्कर, भूक मेलेली. अशा वेळी साधा ताप, जुलाब किंवा एखादं ऑपरेशन आलं, तर शरीराला जास्त कॉर्टिसोल लागतं आणि ते नसतं. रक्तदाब कोसळतो. माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीव जाऊ शकतो. ही तातडीची वेळ असते. आणि दवाखान्यात नेणाऱ्यांनाही काही माहीत नसतं, कारण त्याने कुणालाच सांगितलेलं नसतं.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. उलट, एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करतो, नाहीतर इथून अर्धवट ऐकून कुणीतरी गोळ्या बंद करेल. आज सरकारी केंद्रातून बहुतेकांना मिळते ती टीएलडी, म्हणजे टेनोफोवीर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रावीर यांची एकच गोळी. तिच्यात बूस्टर नाही. तिचं आणि स्टेरॉइडचं हे भांडण नाही. धोका आहे तो रिटोनावीर किंवा कोबिसिस्टॅट घेणाऱ्यांना. आणि त्यांनीही गोळ्या थांबवायच्या नाहीत. गोळ्या थांबवल्या तर विषाणू वर येतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. थांबवायचं आहे ते न विचारता घेतलेलं इंजेक्शन.

टीएलडीवाल्यांनीही बाकीची औषधं सांगायला हवीतच. पोटातल्या आम्लावरची काही औषधं, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्रावीरसोबत एकाच वेळी घेतल्या तर डोल्युटेग्रावीर पोटातून नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये काही तासांचं अंतर ठेवावं लागतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन त्याच्यामुळे रक्तात वाढतं, म्हणून त्याची मात्रा बघावी लागते. टीबीचं रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्रावीर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. आणि दुखण्यावर डायक्लोफेनॅकच्या सुया वरचेवर घेतल्या तर टेनोफोवीरसोबत मूत्रपिंडांवर ताण येतो. स्टेरॉइड टाळलं म्हणून त्याच्या बदल्यात रोज डायक्लोफेनॅक, हाही मार्ग नाही.

मग रिटोनावीर घेणाऱ्याचा गुडघा दुखला तर काय? मार्ग असतात. व्यायाम, फिजिओथेरपी, दुसरी औषधं. स्टेरॉइड लागणारच असेल तर कोणतं आणि किती, हे एआरटी सेंटरचे डॉक्टर आणि इंजेक्शन देणारे डॉक्टर मिळून ठरवू शकतात. दम्यासाठी फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइडऐवजी बेक्लोमेथासोन चालतं. सेरोफ्लो आणि फोराकोर्ट ही आपल्याकडे घरोघरी असलेली इनहेलरची नावं आहेत. पहिल्यात फ्लुटिकासोन आहे, दुसऱ्यात ब्युडेसोनाइड. काहींच्या बाबतीत बूस्टर काढून डोल्युटेग्रावीरवर नेता येतं, काहींच्या बाबतीत नाही, ते त्यांच्या आधीच्या उपचारांवर अवलंबून असतं. इंजेक्शन घेऊन झालंय आणि आता लक्षणं दिसतायत, तर लगेच एआरटी सेंटरला सांगायचं. सकाळच्या वेळी रक्तातलं कॉर्टिसोल तपासतात. यातही घाईने काही बंद करायचं नाही, कारण बूस्टर अचानक काढलं तर साठलेलं स्टेरॉइड पटकन संपतं आणि झोपलेल्या ग्रंथी उघड्या पडतात.

म्हणजे बघा, उपाय माहीत आहेत. तपासणीची साधनंही आहेत. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाने एचआयव्हीच्या औषधांसाठी एक तपासणी-यादी बनवली आहे. ती मोफत आहे, फोनवर चालते. एका बाजूला एचआयव्हीचं औषध निवडायचं, दुसऱ्या बाजूला दुसरं औषध. हिरवा, पिवळा, केशरी, लाल, असा रंग येतो. रिटोनावीरसोबत ट्रायमसिनोलोन टाकून बघा, हिरवा येणार नाही. कर्जतच्या किंवा चौकच्या कुठल्याही डॉक्टरला हे अर्ध्या मिनिटात पाहता येईल.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला इथंच थांबून विचारावंसं वाटतं, की मग बिघडतंय कुठे? तपासणी चांगली आहे, पण तिला दोन नावं लागतात आणि समोर एकच येतं. दुसरं नाव कपाटात मागे ठेवलेल्या डबीत आहे. लेबल खरवडलेलं. यावर कितीही चांगलं ॲप बनवलं तरी उपयोग नाही. ॲपला जे सांगितलंच नाही ते ॲपला कळणार कसं?

म्हणून दुसरा प्रश्न, हा आपला विषय कसा? ते लेबल त्याने का खरवडलं, याचं उत्तर दवाखान्यात नाही. ते आपल्या मोहल्ल्यात आहे. आपल्या ओट्यावर, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, लग्नाच्या बोलणीत आहे.

कोकणातल्या मुसलमान घरांत गल्फ हा शब्द पगाराइतकाच नेहमीचा. गल्फच्या मेडिकलमध्ये एचआयव्ही निघाला तर व्हिसा मिळत नाही. तिथं असताना निघाला तर परत पाठवतात. घरी येऊन माणूस सांगतो, काँट्रॅक्ट संपलं. त्या क्षणापासून तो खोटं सांभाळत जगतो. बाईचं आणखी कठीण. नवऱ्याकडून आजार आलेला असतो, नवरा गेलेला असतो आणि बोट तिच्याकडे असतं. सेंटरला एकटीने जायचं तर कारण काय सांगायचं? टाचदुखीसाठी सासू तिच्यासोबत दवाखान्यात येते. सासूसमोर ती डॉक्टरांना काय सांगणार?

आणि एक प्रश्न फार हळू आवाजात विचारला जातो, ‘उद्या माझं काही झालं तर गुस्ल कोण देईल?’ उत्तर मी इथं मोठ्या आवाजात देतो. मय्यतला गुस्ल देता येतो. हातमोजे घालायचे, जखम असेल तर झाकायची, नंतर हात नीट धुवायचे. ही काळजी खरं तर प्रत्येक मय्यतच्या वेळी घ्यायला हवी. गुस्ल नाकारायला वैद्यकीय कारण नाही. दामतपासून खोपोलीपर्यंत आपल्या प्रत्येक जमातीने हे एकदा जाहीर सांगितलं, तर अनेक कपाटं उघडतील असं मला वाटतं.

रमजानचीही एक गोष्ट. दिवसातून एकदाची गोळी बहुतेकांना इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते, सेंटरला विचारून वेळ बदलून घ्यायची. पण ज्याच्या ॲड्रिनल ग्रंथी झोपल्यात त्याच्यासाठी दिवसभर पाण्याशिवाय राहणं धोक्याचं आहे. आजारी माणसाला रोजा नंतर धरण्याची सवलत दिनमध्येच आहे. अडचण अशी की रोजा नाही म्हटलं की लोक कारण विचारतात. तर आपण एक सवय लावून घेऊ. कुणी रोजा धरला नाही तर कारण विचारायचं नाही. तेवढ्यानेही कुणाचा जीव वाचू शकतो.

तसंच सांधेदुखीच्या पुड्यांचं. बाजारात, उरुसात, बसस्टँडबाहेर मिळतात. ‘जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही.’ अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं देशात अनेकदा सापडलंय. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर खूश होण्याआधी संशय घ्या. त्यात काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. मग ते तपासायचं कसं?

आता कायदा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संसदेने केला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी सांगतो. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. नोकरी, शिक्षण, भाड्याचं घर यांतही भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कोर्टाचा आदेश सोडला तर कुणालाही स्वतःची स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही, आणि दुसऱ्याची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय फोडता येत नाही. पण उपचारासाठी गरज असेल तेव्हा एक डॉक्टर त्याच रुग्णावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला सांगू शकतो, तेवढी वाट कायद्याने ठेवलेली आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे, आणि तक्रारींसाठी राज्य पातळीवर लोकपाल नेमायची तरतूद आहे.

म्हणजे सांगायचं की नाही हा त्या माणसाचा हक्क. सांगितल्यावर ते सुरक्षित राहील याची जबाबदारी बाकी सगळ्यांची. आपल्याकडे यासाठी कायद्याहून जुना शब्द आहे, अमानत. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही त्याची ठेव असते. ती दुसऱ्याला देण्याचा अधिकार आपल्याला नाही, बायकोला नाही, मित्राला नाही, जमातीच्या सदरला नाही.

शेवटी कामाचं सांगतो, म्हणजे इथून उठताना हातात काहीतरी राहील.

जे स्वतः औषधं घेतात त्यांच्यासाठी. एआरटी सेंटरमधून एक पुस्तिका मिळते, ग्रीन बुक. त्यात तुमची औषधं लिहिलेली असतात. त्या पानाचा फोटो फोनमध्ये कुलूप लावलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. डबीवर रिटोनावीर किंवा कोबिसिस्टॅट लिहिलंय का ते वाचा. असेल तर हे नाव पाठ करा. कुठलंही इंजेक्शन, इनहेलर, नाकातला फवारा घेण्याआधी विचारा, यात स्टेरॉइड आहे का, नाव काय? डोळ्यांतले थेंब आणि मलमांचंही विचारा. चारचौघांत बोलता येत नसेल तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. ‘मी रिटोनावीर घेतो. स्टेरॉइड देण्याआधी माझ्या सेंटरशी बोला.’ एवढी दोन वाक्यं पुरतात. तेही शक्य नसेल तर इंजेक्शन त्या दिवशी घेऊ नका. घरी येऊन सेंटरला फोन करा. गुडघ्याचं दुखणं चार दिवस थांबू शकतं. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे.

डॉक्टर मंडळींकडे आपण विनंती घेऊन जायचं, तक्रार घेऊन नाही. इंजेक्शन दिलं तर त्याचं नाव आणि मात्रा चिठ्ठीवर लिहून द्या. ‘रोजच्या गोळ्या कोणत्या?’ हा प्रश्न सगळ्यांसमोर न विचारता पडद्याआड विचारा, आणि प्रत्येकाला विचारा, म्हणजे कुणा एकाला वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही. मेडिकलवाल्यांनाही हेच. कर्जत आणि खालापुरात आपल्या ओळखीचे दवाखाने मोजले तर दोन रविवारांत सगळीकडे जाऊन येता येईल.

आणि आपल्यासाठी. इथं बरेच जण कॉम्प्युटरवाले आहात, म्हणून आधीच सांगतो. एचआयव्ही असलेल्यांची यादी करायची नाही. मदतीसाठीही नाही, शीटमध्ये नाही, ग्रुप करून नाही. ज्या यादीची गरज नाही ती यादी कधीतरी फुटते. आपल्याला कुणाला एचआयव्ही आहे हे माहीत असण्याची काहीच गरज नाही. ही माहिती सगळ्यांपर्यंत गेली की ज्याला हवी त्याच्यापर्यंत आपोआप जाते. म्हणून आरोग्यशिबिरात दंत, डोळे, साखर यांच्यासोबत ‘तुमच्या सगळ्या औषधांची यादी खिशात ठेवा’ हे एक टेबल ठेवू. तिथं रक्तदाबवाला येईल, दमेवाला येईल, टीबीवाला येईल, आणि एचआयव्हीवालाही येईल. तो कोण हे कुणालाच कळणार नाही, आपल्यालाही नाही.

औषधं शोधणाऱ्यांनी त्यांचं काम केलंय. सरकारने ती मोफत दिली. कायदा झाला. तपासणीची यादी फोनवर आली. आता उरलंय ते एवढंच, की एआरटी सेंटरची चिठ्ठी आणि गल्लीतल्या दवाखान्याची चिठ्ठी एकदा एका टेबलावर शेजारी-शेजारी यावी. त्या दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये एक माणूस घाबरून उभा आहे. त्याची भीती आपण कमी करू शकतो. ते कुठल्या डॉक्टरचं काम नाही, आपलंच आहे.

आता प्रश्न विचारा. आणि ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहू नका.